परदेशातील वास्तव्य, नागरिकत्व आणि उद्योजक

नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२५ पासून शासनाचे मूल्यवान कागद छापले जात आहेत. टपाल तिकिटे, न्यायालयीन मुद्रांक आणि धनादेश यांच्याबरोबरच भारतीय पारपत्राच्या पुस्तिकाही येथेच तयार होतात. परदेशी जाणारा भारतीय देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील असो, त्याच्या हातातील पारपत्रावर नाशिकच्या कामगारांचे हात फिरलेले असतात. मात्र या पुस्तिकेविषयीची एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. पारपत्र कायदा, १९६७ याच्या १७ व्या कलमान्वये पारपत्र हे सदैव केंद्र शासनाच्या मालकीचे असते. ते धारण करणारी व्यक्ती केवळ त्याची धारक असते. ज्या दिवशी ती व्यक्ती दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारते, त्या दिवसापासून ते जवळ बाळगण्याचा तिचा अधिकार संपतो.

सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील लघुउद्योजक, निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष निर्यातदार आणि संगणक व्यवसायातील तरुण यांचा परदेशांशी आता नित्याचा संबंध येतो. त्यांच्यापैकी काहींच्या मनात तेथे उद्योग काढून स्थायिक होण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०११ साली १ लाख २२ हजार ८१९ भारतीयांनी नागरिकत्वाचा त्याग केला होता. २०२२ मध्ये ही संख्या २ लाख २५ हजार ६२० झाली, तर २०२४ मध्ये ती २ लाख ६ हजार ३७८ होती. या निर्णयाचे परिणाम एका पिढीपुरते मर्यादित राहत नाहीत. म्हणून त्याची कायदेशीर बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

मुंबईच्या व्यापाऱ्याचा खटला

उद्योगधंद्यासाठी परदेशी गेलेल्या भारतीयाने तेथील नागरिकत्व मागावे, ही गोष्ट आजची नव्हे. भिकाजी बलसारा हे मुंबईचे पारशी गृहस्थ कापडाच्या व्यापारानिमित्त न्यूयॉर्क येथे राहत होते. त्यांनी अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्या देशाच्या १७९० च्या कायद्याने परकीयांपैकी केवळ 'मुक्त गौरवर्णीय' व्यक्तीच नागरिकत्वास पात्र ठरविल्या होत्या. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती. हिंदुस्थानातून आलेला पारशी व्यापारी यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, असा प्रश्न उपस्थित झाला. न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. सरकार वरच्या न्यायालयात गेले, परंतु १९१० मध्ये तेथेही निकाल बलसारांच्याच बाजूने लागला. अमेरिकेचे नागरिकत्व मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

हे यश इतरांच्या बाबतीत टिकले नाही. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक कायद्याच्या अर्थाने गौरवर्णीय नाहीत, असा निर्णय दिला. त्यानंतर ज्यांना पूर्वीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही ते काढून घेण्यास सुरुवात झाली.

वैष्णोदास बगाई यांची कहाणी या संदर्भात विशेष बोलकी आहे. ते १९१५ मध्ये कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्को येथे गेले. त्यांनी तेथे दुकान थाटले, घर केले आणि १९२१ मध्ये ते नागरिक झाले. थिंड निकालानंतर त्यांचे नागरिकत्व रद्द झाले. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना स्थावर मालमत्ता धारण करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मनाई होती. त्यामुळे त्यांना आपली मालमत्ता सोडावी लागली. मायदेशी येऊन जाण्यासाठी त्यांना अमेरिकेचे पारपत्रही मिळेना. ब्रिटिश नागरिकत्व त्यांनी आधीच सोडलेले होते. कोणत्याच देशाचा आधार न उरलेल्या या व्यापाऱ्याने मार्च १९२८ मध्ये जीवनयात्रा संपविली.

कॅलिफोर्नियातील वकील सखाराम गणेश पंडित यांनी मात्र निकराने लढा दिला. थिंड यांच्या खटल्यातही तेच वकील होते. त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. त्यावर विसंबून त्यांनी वकिली सुरू केली, विवाह केला आणि घर घेतले. न्यायालयाने एकदा दिलेला निर्णय इतक्या वर्षांनी फिरविणे अन्यायाचे होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला आणि त्यानंतर ही मोहीम मंदावली. भारतीयांना नागरिकत्वाचा कायदेशीर हक्क मात्र १९४६ च्या कायद्याने मिळाला. त्या वेळीही भारतीयांसाठी वर्षाला फक्त शंभर जागा होत्या. देशवार कोट्याची ती जुनी पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत निघाली.

आज वंशाचा निकष राहिलेला नाही. तथापि या खटल्यांतील बोध आजही उपयोगी आहे. परदेशी नागरिकत्व हे त्या देशाच्या कायद्याने दिलेले असते, आणि कायदे बदलतात. त्याचप्रमाणे उद्योजकाच्या बाबतीत नागरिकत्व आणि मालमत्ता यांची गाठ पक्की असते. एक सैल झाले की दुसऱ्यावर त्याचा परिणाम होतो.

तीन वेगवेगळ्या पायऱ्या

बोलण्याच्या ओघात व्हिसा, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. व्हिसा म्हणजे ठराविक मुदतीसाठी आणि ठराविक कामासाठी प्रवेशाची परवानगी होय. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला म्हणजे त्या देशात मुदतीविना राहता येते आणि व्यवसाय करता येतो, परंतु मनुष्य भारताचाच नागरिक राहतो. अमेरिकेतील 'ग्रीन कार्ड' हा याच प्रकारचा परवाना आहे. नागरिकत्व ही शेवटची पायरी असून ती ओलांडली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते.

कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीयाकडे भारतीय पारपत्र असते. त्याने अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदविले असल्यास, प्रत्यक्ष मतदान केंद्रावर येऊन तो मतदानही करू शकतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील ही तरतूद २०११ पासून अंमलात आहे. म्हणजे परदेशात उद्योग चालविण्यासाठी दुसरी पायरी बहुधा पुरेशी ठरते. तिसरी पायरी चढण्याची घाई करण्यापूर्वी तिची आवश्यकता तपासून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

उद्योजकांसाठी असलेले मार्ग

निरनिराळ्या देशांनी भांडवल आणि कल्पकता आकर्षित करण्यासाठी निरनिराळे मार्ग ठेवले आहेत. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने गुंतवणूकदारांसाठी 'ईबी-५' हा वर्ग निर्माण केला. २०२२ च्या सुधारणेनुसार ग्रामीण अथवा बेकारीग्रस्त भागात किमान ८ लाख डॉलर आणि इतरत्र १० लाख ५० हजार डॉलर गुंतवावे लागतात. त्या गुंतवणुकीतून किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्या लागतात. प्रथम दोन वर्षांचा सशर्त परवाना मिळतो. अटी पूर्ण झाल्याचे सिद्ध केल्यावरच तो कायम होतो. पुढे साधारणपणे पाच वर्षांच्या कायम वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

अमेरिकेत लहान व्यावसायिकांसाठी 'ई-२' हा आणखी एक व्हिसा आहे आणि त्याची जाहिरात भारतातही केली जाते. परंतु तो केवळ अमेरिकेशी तसा व्यापारी करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत त्या यादीत नाही. ज्यांचा नाशिकमध्ये चालू उद्योग आहे आणि ज्यांना अमेरिकेत शाखा काढावयाची आहे, त्यांच्यासाठी 'एल-१' हा व्हिसा आहे. त्यावर व्यवस्थापक दर्जाच्या व्यक्तीस जास्तीत जास्त सात वर्षे राहता येते. नव्या शाखेसाठी मात्र आरंभी एकाच वर्षाची मुदत मिळते, आणि तेवढ्या काळात शाखेचे कामकाज खरोखर चालू झाल्याचे दाखवावे लागते.

ब्रिटनने आपला जुना उद्योजक व्हिसा २०१९ मध्ये आणि गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. एप्रिल २०२३ मध्ये नवप्रवर्तक संस्थापकांसाठी नवा व्हिसा सुरू करण्यात आला. त्यात पैशाच्या ठराविक रकमेपेक्षा व्यवसायाची कल्पना नवीन, व्यवहार्य आणि वाढण्याजोगी असण्यावर भर आहे, व तसे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडून घ्यावे लागते. जर्मनीच्या वास्तव्य कायद्याचे २१ वे कलम स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. व्यवसाय यशस्वी झाला आणि निर्वाह सुरक्षित असला, तर तीन वर्षांनंतर कायम वास्तव्य मिळू शकते. संयुक्त अरब अमिरातींनी २०१९ पासून दीर्घ मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' सुरू केला. परंतु दीर्घ मुदतीचे वास्तव्य म्हणजे नागरिकत्वाचा हक्क नव्हे.

हे मार्ग एकाएकी बंद होऊ शकतात, याची उदाहरणे अनेक आहेत. कॅनडाने गुंतवणूकदारांसाठीची आपली संघराज्यीय योजना २०१४ मध्ये रद्द केली, तेव्हा अनेक वर्षे रांगेत असलेले हजारो अर्ज निकालात निघाले. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीच्या आधारे वास्तव्य देणे थांबविले. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये अशी योजनाच रद्द केली. त्याच महिन्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने माल्टाची गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची पद्धत संघाच्या कायद्याविरुद्ध ठरविली. एखाद्या योजनेवर आयुष्याची कमाई लावण्यापूर्वी ती आज चालू आहे की नाही, हे त्या देशाच्या शासकीय प्रकाशनातून पडताळून पाहणे अत्यावश्यक आहे.

भारतीय कायदा काय सांगतो

भारतीय संविधानाच्या ९ व्या अनुच्छेदाने आणि नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या ९ व्या कलमाने दुहेरी नागरिकत्वास वाव ठेवलेला नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. दुसऱ्या देशाने दुहेरी नागरिकत्व मान्य केले, तरी भारताच्या बाजूने स्थिती बदलत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास परवानगी दिली आहे. तथापि जर्मन नागरिक झालेल्या भारतीयास आपले भारतीय पारपत्र परत करावेच लागते. ते वापरीत राहणे हा गुन्हा ठरतो.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नागरिकत्वाचा त्याग करण्याचे घोषणापत्र देणाऱ्या व्यक्तीच्या अज्ञान मुलांचे भारतीय नागरिकत्वही ८ व्या कलमानुसार संपते. मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत घोषणापत्र देऊन ते परत मिळवू शकते. ही मुदत अनेक कुटुंबांच्या ध्यानात राहत नाही.

अशा व्यक्तींसाठी शासनाने २००५ पासून 'ओसीआय' कार्डाची सोय केली आहे. हे कार्ड धारण करणाऱ्यास भारतात केव्हाही येण्याची, राहण्याची व बहुतेक व्यवसाय करण्याची मुभा असते. आर्थिक आणि शैक्षणिक बाबतींत त्याला सामान्यतः अनिवासी भारतीयांप्रमाणे वागविले जाते. परंतु नावात 'नागरिक' असले, तरी हे नागरिकत्व नव्हे. या कार्डधारकास मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि घटनात्मक पदे स्वीकारता येत नाहीत. ठराविक कारणांसाठी शासन हे कार्ड रद्दही करू शकते. पुन्हा भारतीय नागरिक होऊ इच्छिणाऱ्यास पाच वर्षे कार्डधारक असणे आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य करणे आवश्यक असते.

जमीन, कारखाना आणि पैसा

नाशिक जिल्ह्यातील कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेतजमिनीचा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजेच 'फेमा', आणि त्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीय व ओसीआय कार्डधारक यांना शेतजमीन, फळबाग-मळे अथवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. घर, सदनिका किंवा व्यापारी गाळा मात्र घेता येतो. ही मनाई नागरिकत्व बदलण्यापुरती नसून परदेशी स्थायिक होताच लागू होते, हे ध्यानात ठेवावे. भारतात राहत असताना घेतलेली अथवा भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाहक्काने आलेली जमीन ठेवण्यास हरकत नाही. परंतु ती विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागते. मोहाडीकडील द्राक्षबागेचा मालक परदेशी स्थायिक झाला, तर वडिलोपार्जित बाग त्याच्याकडे राहील. मात्र बांधाला लागून असलेली चार एकर जमीन विकावयास निघाली, तर ती त्याला घेता येणार नाही. वाढत्या कुटुंबाने याचा विचार आधीच करावयास हवा.

कारखान्याच्या बाबतीतही काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. कंपनी कायदा, २०१३ याच्या १४९ व्या कलमानुसार प्रत्येक कंपनीत असा किमान एक संचालक असावा लागतो, जो आर्थिक वर्षात १८२ दिवस तरी भारतात राहिलेला आहे. पतिपत्नी मिळून दोघेच संचालक असलेल्या अंबडच्या कंपनीतील दोघेही परदेशी गेले, तर तिसरा विश्वासू संचालक नेमल्यावाचून गत्यंतर नाही. बँकेतील साधी खाती अनिवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. अमेरिका आपल्या नागरिकांकडून आणि ग्रीन कार्डधारकांकडून जगभरातील उत्पन्नाचे विवरण मागते. म्हणजे नाशिकमधील भाडे, व्याज आणि नफा यांचाही हिशेब तेथे द्यावा लागतो. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात केव्हाही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची स्वतंत्र माहिती सादर करावी लागते.

पैसा बाहेर नेण्यासही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलर परदेशी पाठविता येतात. ईबी-५ ची किमान रक्कम ८ लाख डॉलर आहे. म्हणजे एकट्या व्यक्तीस ती पाठविण्यास चार आर्थिक वर्षे लागतील. कुटुंबातील इतरांच्या मर्यादा एकत्र करावयाच्या, तर ते त्या गुंतवणुकीत सहमालक असावे लागतात. याखेरीज ही रक्कम कशी मिळविली याचा पुरावा परदेशी अधिकारी मागतात. शेतीउत्पन्नातून भांडवल उभे करणाऱ्यांनी सात-बारा उतारे, बाजार समितीतील हिशेबपट्ट्या, बँकेतील नोंदी आणि आयकर विवरणपत्रे अनेक वर्षांपासून नीट जपलेली असावीत. रोखीने झालेल्या व्यवहाराचा कागद मागाहून तयार करता येत नाही.

घरी राहूनही परदेशी व्यापार

परदेशात व्यवसाय करण्यासाठी परदेशी होणे अपरिहार्य आहे काय, याचाही विचार व्हावा. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतीय कंपनीस आपल्या निव्वळ मूल्याच्या चौपट मर्यादेपर्यंत परदेशी उद्योगात, रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीवाचून, गुंतवणूक करता येते. मालकाने नाशिकमध्ये राहून दुबईला किंवा हॅम्बर्गला उपकंपनी काढणे त्यामुळे शक्य झाले आहे.

या बाबतीत नाशिक जिल्ह्यातच दोन उदाहरणे आहेत. मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी युरोपात द्राक्षे पाठविते. २०२२ मध्ये तिच्यात युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले. तेथे शेतकरी परदेशी गेला नाही, परदेशी भांडवल त्याच्या गावी आले. दुसरे उदाहरण राजीव सामंत यांचे आहे. अमेरिकेत स्टॅनफोर्ड विद्यापीठात शिकून त्यांनी ओरॅकल या कंपनीत काम केले. तेथून परतून त्यांनी नाशिकजवळील कुटुंबाच्या जमिनीवर द्राक्षलागवड केली आणि १९९९ मध्ये सुला हा उद्योग स्थापन केला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. कुटुंबाची जमीन टिकून होती, म्हणूनच परतीची ही वाट मोकळी राहिली.

घ्यावयाची दक्षता

ज्यांनी जाण्याचा निश्चय केला आहे, त्यांनी काही गोष्टी क्रमाने कराव्यात. जन्म, विवाह आणि शिक्षण यांची प्रमाणपत्रे मिळवून त्यांवर 'अपोस्टिल' शिक्का घ्यावा. भारत २००५ पासून त्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे आणि हा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी पारपत्र सेवा केंद्रामार्फत अर्ज करता येतो. ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत स्थलांतरविषयक सल्ला देणाऱ्यांची अधिकृत नोंदणी होते. सल्लागाराचे नाव त्या नोंदवहीत आहे किंवा नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. 'हमखास नागरिकत्व' असे आश्वासन कोणताही प्रामाणिक सल्लागार देऊ शकत नाही, कारण तो निर्णय त्या त्या शासनाचा असतो. जमिनीची वाटणी, वारसनोंदी, मृत्युपत्र आणि कुलमुखत्यारपत्र ही कामे जाण्यापूर्वीच उरकून घ्यावीत. मागे राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांना तलाठी कार्यालय आणि बँक यांच्या फेऱ्या मारावयास लावणे इष्ट नाही.

बलसारा, बगाई आणि पंडित यांच्या काळी हिंदी माणसाला पाठीशी उभे राहील असे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. आजचा नाशिकचा उद्योजक स्वतंत्र भारताचे पारपत्र घेऊन जातो. अडचणीच्या प्रसंगी परदेशातील भारतीय वकिलात त्याची दखल घेते, आणि परत येण्याचा त्याचा हक्क कोणीही नाकारू शकत नाही. हा हक्क सोडावा की राखावा, याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. तो करताना व्यवसायाचा नफातोटा, मुलांचे भवितव्य आणि मागे राहिलेली जमीन या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडून पाहाव्यात. असा हिशेब घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा, आणि तो पहिला अर्ज भरण्यापूर्वीच करावा.